भाड्याच्या घरातील वीज-पाण्याचे बिल कोणी भरावे?

नवी दिल्ली : भाडे किती आणि अनामत रक्कम किती, या दोन प्रश्नांवर घरमालक व भाडेकरू यांच्यात मनसोक्त घासाघीस होते. वीज आणि पाण्याचे काय, हा प्रश्न मात्र किल्ली हाती देताना दारातच उरकला जातो. ‘वीज तुमची, पाणी भाड्यातच’ एवढ्या वाक्यावर दोन्ही बाजूंचे समाधान होते. पुढे उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येऊ लागतात, जिन्यातील दिव्याची जोडणी आपल्याच मीटरवर असल्याचे भाडेकरूच्या लक्षात येते, किंवा तो घर सोडून गेल्यानंतर त्याच्या शेवटच्या दोन महिन्यांचे बिल मालकाच्या हाती पडते. त्या दाराशी झालेल्या वाक्याचा अर्थ काय होता, याचा शोध तेव्हा सुरू होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातील २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. बेंगळुरूत संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी गेलेला पुण्याचा अभियंता असो की दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी लातूरची विद्यार्थिनी, भाड्यापाठोपाठ येणारा हा दुसरा खर्च दोघांनाही चुकत नाही. आणि तो नेमका कोणाचा, याचे एका ओळीतील उत्तर देशातील कोणत्याही कायद्यात नाही.

कायदा उत्तर देत नाही, करार विचारतो

घरभाडे हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे सोपविला आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा भाडेकायदा निराळा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली; परंतु तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने तशा धर्तीवर स्वतःचा कायदा केला तरच तो लागू होतो. उत्तर प्रदेश, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी त्या वाटेने कायदे केले. महाराष्ट्रात १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमच चालतो. दिल्लीत १९५८ चा कायदा अस्तित्वात आहे. मात्र मासिक भाडे साडेतीन हजार रुपयांहून अधिक असलेली घरे त्याच्या कक्षेबाहेर असल्याने आजच्या दिल्लीतील बहुतांश नव्या भाडेकरूंना त्याचा उपयोग नाही.

या कायद्यांचा भर भाडेवाढ, ताबा आणि घर रिकामे करून घेणे यांवर आहे. वीज, पाणी, गॅस यांचे पैसे कोणी द्यावेत, हे ते उभय पक्षांच्या करारावर सोडतात. आदर्श कायद्याला जोडलेल्या माहितीच्या नमुन्यात भाड्याच्या रकमेबरोबरच वीज, पाणी, जादा सामान-सुविधा आणि अन्य सेवा यांच्या आकाराची वेगळी नोंद करण्यास जागा ठेवली आहे. म्हणजे या खर्चाचा उल्लेख वेगळा हवा, हे कायदा मानतो. तो कोणाच्या माथी मारावा, हे सांगत नाही.

महाराष्ट्रातील कायदा याबाबतीत एक महत्त्वाची गोष्ट करतो, जी अनेक घरमालकांना ठाऊक नसते. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तसा करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तोंडी ठरलेल्या ‘वीज तुमची’ या वाक्याची किंमत यावरून लक्षात यावी. ‘वीज भाड्यातच ठरली होती’ असे भाडेकरूने सांगितले, तर ते खोटे ठरविण्याचा भार मालकावर येतो. नोंदणी न करण्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे, ती वेगळीच.

वापरणारा एक, ग्राहक दुसरा

सर्वसाधारण व्यवहार असा, की जो वापरतो तो पैसे देतो. स्वतंत्र मीटर असलेल्या घरात विजेचे बिल भाडेकरू भरतो आणि त्यात गैर काही नाही. पंखा किती वेळ चालवावा, पाणी तापविण्यासाठी गीझर किती वेळ सुरू ठेवावा, हे त्याच्याच हाती असते. प्रश्न वेगळ्याच ठिकाणी आहे. वीज वापरतो भाडेकरू. पण वीज कंपनीच्या दप्तरी ग्राहक म्हणून नाव असते मालकाचे. बिल थकले तर कंपनी जोडणी तोडते आणि थकबाकी त्या जोडणीच्या नावावर राहते. भाडेकरू दुसऱ्या शहरात निघून गेलेला असतो.

वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीपोटी पुरवठा तोडण्यापूर्वी कंपनीने किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ही सूचना बहुधा मालकाच्या नावे, भाड्याच्या घराच्या पत्त्यावर जाते. मालक दुसऱ्या गावी असेल तर त्याला पहिली खबर मिळते ती नवा भाडेकरू ‘घरात वीज नाही’ असे कळवितो तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात थकबाकीचा प्रश्न तपशिलाने हाताळला. नियमांत तशी तरतूद असेल, तर आधीच्या मालकाची थकबाकी भरण्याची अट घालूनच त्या जागेत नवी जोडणी देण्याचा अधिकार वीज कंपनीला आहे, असे न्यायालयाने ठरविले. प्रकरण लिलावात मालमत्ता घेणाऱ्यांचे होते, भाडेकरूंचे नव्हे. पण त्यातील बोध घरमालकाला लागू पडतो. थकबाकी माणसाबरोबर निघून जात नाही, ती जागेशी चिकटून राहू शकते. महाराष्ट्राच्या वीजपुरवठा संहितेत वारसाखेरीज अन्य नव्या मालकावर किंवा ताबेदारावर येणारा हा भार कमाल सहा महिन्यांच्या थकबाकीपुरता मर्यादित ठेवला आहे.

भाडेकरूने घराचा वापरच बदलला, तर गोष्ट थकबाकीपुरती राहत नाही. घरगुती जोडणीवर ब्यूटी पार्लर किंवा दुकान चालविल्यास वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर केव्हापासून होता हे ठरविता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांपर्यंतची आकारणी होऊ शकते. ‘घर केवळ निवासासाठी’ हे करारातील वाक्य म्हणून शोभेचे नसते.

या साऱ्यावर सरळ तोडगा म्हणजे भाडेकरूच्या नावे स्वतंत्र जोडणी. वीज कायद्याचे कलम ४३ पुरवठ्याची मागणी करण्याचा हक्क ‘मालक किंवा ताबेदार’ अशा दोघांनाही देते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट केले, की मालकाने नाहरकत पत्र दिले नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदाराचा त्या जागेवर ताबा आहे काय, एवढेच वीज कंपनीने पाहावे. तरीही अनेक कार्यालयांत आजही पहिल्या खिडकीवर मालकाचे नाहरकत पत्रच मागितले जाते.

मालकांच्या अनिच्छेमागे एक भीती असते. भाडेकरूच्या नावे मीटर गेला, की घरही हळूहळू त्याचे होईल, ही ती भीती. तिला कायदेशीर आधार नाही. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो आणि तो कितीही वर्षे चालला तरी नुसत्या वीज बिलावरून मालकी हक्क निर्माण होत नाही. बिल फार तर वास्तव्याचा पुरावा ठरते, आणि वास्तव्य तर नोंदणीकृत करारातच मान्य केलेले असते.

एका मीटरवरील चार खोल्या

खरा अन्याय होतो तो सामाईक मीटरच्या घरांत. तळमजल्यावर मालक, वर तीन-चार खोल्या, प्रत्येक खोलीला मालकाने बसविलेला सबमीटर आणि महिन्याअखेरीस ‘युनिटला आठ रुपये’ असा ठोक हिशेब, ही व्यवस्था दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, इंदूर अशी सर्वत्र आढळते.

यातील मेख समजण्यासाठी दराची रचना पाहावी लागते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. महाराष्ट्रात महावितरणचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. दिल्लीत २०२१-२२ च्या दर आदेशानुसार पहिल्या २०० युनिटना ३ रुपये, पुढच्या २०० युनिटना साडेचार रुपये आणि ४०१ ते ८०० या टप्प्यात साडेसहा रुपये असा वीज आकार आहे. शिवाय मागणी नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकाला २०० युनिटपर्यंतचे बिल शून्य येते आणि २०१ ते ४०० युनिटपर्यंत, कमाल ८०० रुपयांच्या मर्यादेत, निम्मी सवलत मिळते. ४०० युनिट ओलांडले की सवलत संपली.

आता चार खोल्यांत चार विद्यार्थी, प्रत्येकाचा वापर महिन्याला १५० युनिट, असे धरू. चौघांचे मीटर स्वतंत्र असते तर चौघांचीही बिले शून्य आली असती. परंतु चौघे एकाच मीटरवर आहेत. मीटर ६०० युनिट दाखवितो. पहिल्या टप्प्याचे ६०० रुपये, दुसऱ्याचे ९०० आणि तिसऱ्याचे १३०० मिळून वीज आकार होतो २८०० रुपये. सवलत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला ७०० रुपये येतात. मालकाने युनिटला आठ रुपये लावले, तर तोच आकडा प्रत्येकी १२०० रुपये आणि एकूण ४८०० रुपये होतो. यात स्थिर आकार, वीजखरेदीचा अधिभार आणि कर धरलेले नाहीत. ते चढल्यावर मूळ बिल २८०० च्या बरेच वर जाते. त्यामुळे मधले दोन हजार रुपये सरसकट मालकाचा नफा, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. पण मूळ बिल भाडेकरूला दाखविले जात नाही, तोवर नफा किती हे त्याला कळण्याचा मार्गही नाही. सबमीटर मालकाचा, वाचन मालकाचे, दरही मालकाचा. चारही विद्यार्थी जी सवलत मिळविण्यास पात्र होते, ती कोणाच्याच पदरी पडली नाही, हे यातील सर्वांत बोचणारे वास्तव.

नफा घेऊन वीज पुन्हा विकणे कायद्याला मान्य नाही. वीज कायद्याच्या कलम १२ प्रमाणे परवान्याविना विजेचे वितरण किंवा व्यापार करता येत नाही. कंपनीने आकारलेली रक्कम वापराच्या प्रमाणात वाटून घेणे ही खर्चाची विभागणी झाली. स्वतःचा चढा दर लावणे ही विक्री होऊ लागते. व्यवहारात याविरुद्ध तक्रार करायला भाडेकरू धजत नाही, कारण तक्रारीचे उत्तर अनेकदा ‘मग दुसरी खोली बघा’ असे असते.

हे ओळखून दिल्ली सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री किरायेदार बिजली मीटर योजना जाहीर केली. भाडेकरार किंवा भाड्याची पावती दाखवून, मालकाच्या नाहरकत पत्राविना भाडेकरूला आपल्या नावे प्रीपेड मीटर घेता यावा, हा तिचा हेतू. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेतही भाडेकरूंचा समावेश करण्यात आला. जोडणीचा क्रमांक आधारशी जोडला की मासिक २०० युनिटच्या कमाल मर्यादेत वीज मोफत. मात्र ही सवलत त्या जोडणीच्या आधीच्या वर्षातील सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून मोजली गेली. म्हणजे घरात आधी राहणारे कुटुंब काटकसरी असेल, तर नव्या भाडेकरूची सवलतही तोकडी. घर बदलणाऱ्यांसाठी जुन्या जोडणीशी असलेली आधारची सांगड सोडविण्याची सोय पुढे करावी लागली. सवलत माणसाला द्यायची की मीटरला, हा पेच भाडेकरूंच्या बाबतीत असा वारंवार समोर येतो.

पाणी, गॅस आणि सोसायटी

पाण्याचे गणित विजेहून वेगळे आहे, कारण घरोघरी पाण्याचे मीटर सहसा नसतातच. पुण्यात पाणीपट्टी मालमत्ता कराच्या बिलातून वसूल होते. मुंबईत महापालिकेचे पाण्याचे बिल गृहनिर्माण संस्थेच्या नावे येते आणि महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार ते सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांप्रमाणे सभासदांमध्ये वाटले जाते. घरात माणसे दोन की सहा, याचा त्या हिशेबाशी संबंध नाही. मोजमापच नसेल, तर वापराप्रमाणे पैसे मागण्यात अर्थ उरत नाही. म्हणून पाणीपट्टी मालकाने भरावी आणि ती धरून भाडे ठरवावे, हीच रीत योग्य.

अपवाद टँकरचा. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाई इतकी तीव्र झाली, की खासगी टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. कूपनलिका आटलेल्या इमारतींत देखभाल खर्च अचानक वाढला आणि ‘पाणी भाड्यातच’ या वाक्यात टँकर येतो की नाही, यावर घरोघरी वाद झाले. पाणी उपलब्ध करून देणे हा घर राहण्यायोग्य असण्याचा भाग आहे, हे लक्षात घेता नेहमीचा पुरवठा आटल्यास पर्यायी व्यवस्थेचा मूळ भार मालकावर असावा, असे आमचे मत. संपूर्ण भार भाडेकरूवर टाकणे म्हणजे पाण्याविना घराचे पूर्ण भाडे घेणे होय. तरीही उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या वस्तीत घर घेत असाल, तर हा खर्च किती रकमेपर्यंत कोणाचा, हे आधी लिहून घेतलेले बरे.

गॅसबाबत वाद कमी. सिलिंडरची जोडणी बहुधा भाडेकरूची स्वतःची असते. नळाने येणाऱ्या गॅसला स्वतंत्र मीटर असतो आणि त्याचे बिल वापरणाऱ्याने भरावे, याला सहसा कोणी हरकत घेत नाही.

संस्थेचा देखभाल खर्च मात्र नेहमीचा कुरबुरीचा विषय. संस्था ओळखते ती सभासदाला, म्हणजे मालकाला. भाडेकरूने पैसे दिले नाहीत ही सबब संस्थेपुढे चालत नाही. सभासदाने घर भाड्याने दिल्यास महाराष्ट्रातील संस्था बिनभोगवटा शुल्क लावते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने हे शुल्क, महापालिकेचे कर वगळून, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा घातली आहे. भाडे मालकाला मिळते म्हणून हे शुल्क लागते. ते भाडेकरूच्या माथी मारणे तर्काला धरून नाही. तीच गोष्ट इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीच्या निधीची. उद्वाहन, सुरक्षारक्षक, सफाई यांचा दरमहाचा खर्च भाडेकरूने उचलण्यास हरकत नाही, पण वीस वर्षांनी होणाऱ्या रंगकामाचा हप्ता त्याने का द्यावा?

मालमत्ता कर हा मालकाचाच. आयकराच्या हिशेबात घरभाड्याच्या उत्पन्नातून स्थानिक संस्थेच्या कराची वजावट मिळते ती मालकाने तो स्वतः प्रत्यक्ष भरला असेल तरच. तो भाडेकरूकडून भरवून घेणारा मालक आपलीच वजावट गमावतो.

वीज तोडता येते काय?

बिल थकले, की अनेक मालकांना पहिला उपाय सुचतो तो मीटरपाशी जाऊन फ्यूज काढण्याचा. हा उपाय अंगलट येण्याची शक्यता मोठी. महाराष्ट्राच्या कायद्याचे कलम २९ न्याय्य व पुरेशा कारणाखेरीज भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास मालकाला मनाई करते. पाणी, वीज, जिन्यातील व बोळातील दिवे, उद्वाहन आणि सफाई यांचा त्यात समावेश आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा हलगर्जीमुळे महापालिकेने अथवा अन्य प्राधिकरणाने पुरवठा तोडला, तर तोही मालकानेच तोडल्यासारखा धरला जातो. भाडेकरूकडून बिलाचे पैसे घ्यायचे आणि कंपनीत भरायचेच नाहीत, असे करणारा मालक या व्याख्येत अचूक सापडतो. भाडेकरूला न्यायालयाकडे दाद मागता येते. यातील एक गुंता असा, की कलमातील शब्द ‘भाडेकरू’ आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्याला कायदा परवानाधारक मानतो. त्यामुळे त्याला हेच संरक्षण आहे काय, यावर मालकाच्या वकिलाकडून हरकत येऊ शकते.

आदर्श कायद्यातील कलम २० अधिक व्यापक आहे. त्यात नळाचा गॅस, वाहनतळ, दूरसंचार जोडणी आणि सुरक्षाव्यवस्थाही अत्यावश्यक सेवांत धरल्या आहेत. तक्रार भाडे प्राधिकरणाकडे करायची; चौकशी एका महिन्यात पूर्ण व्हावी आणि तोवर पुरवठा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश प्राधिकरण देऊ शकते. ज्या राज्यांनी या नमुन्यावर कायदे केले, तेथील भाडेकरूला दिवाणी न्यायालयाच्या तुलनेत हा मार्ग खूपच जवळचा.

उलट बाजूने, मालकाने भरायचे बिल त्याने भरले नाही तर भाडेकरूने काय करावे? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये याचे उत्तर आहे. मालकावर बंधनकारक असलेली रक्कम त्याने भरली नाही आणि ती भाडेकरूकडून किंवा मालमत्तेतून वसूल होण्याजोगी असेल, तर भाडेकरू ती स्वतः भरून व्याजासह भाड्यातून वळती करू शकतो. विरुद्ध करार नसेल तर, ही त्याची पूर्वअट. आणि परवाना कराराला हे कलम थेट लागू नाही. म्हणून वळती करण्यापूर्वी मालकाला लेखी कळविणे आणि पावती जपणे, एवढी सावधगिरी हवीच.

भाड्यातच बिल धरले तर

‘सर्व काही भाड्यातच’ ही पद्धत विद्यार्थी वसतिगृहे आणि पेइंग गेस्टच्या खोल्यांत रूढ आहे. ती सोपी वाटते, पण तिला कायदेशीर कंगोरे आहेत. कलकत्त्यातील कर्णानी प्रॉपर्टीज विरुद्ध ऑगस्टिन या जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘भाडे’ या शब्दाचा अर्थ व्यापक धरला. इमारतीबरोबरच सामान, विजेची व्यवस्था व अन्य सुविधा यांच्या वापरासाठी ठरलेले पैसेही भाड्यात येऊ शकतात, असा त्याचा आशय. यातून दोन्ही बाजूंना धडा मिळतो. बिलाची रक्कम भाड्याचाच भाग ठरली, तर ती थकविणे म्हणजे भाडे थकविणे असा दावा मालकाला करता येईल आणि घर रिकामे करून घेण्याचे ते कारण होऊ शकेल. दुसरीकडे, भाडेवाढीवर कायद्याची मर्यादा असेल, तर बिलाच्या नावाखाली वाढ करण्याची वाट मालकालाही बंद होईल. व्यापारी जागांच्या बाबतीत हा फरक वस्तू व सेवा करापर्यंत पोचतो. केंद्राच्या ३१ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार जागेच्या भाड्याशी व देखभालीशी एकत्र बांधून वीज दिली, तर ती संयुक्त सेवेचा भाग ठरते. कंपनीने आकारलेलीच रक्कम जशीच्या तशी, केवळ मध्यस्थ म्हणून वसूल केली, तर ती करपात्र मूल्यात धरली जात नाही.

पैशाची आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे करार करताना कोणी पाहत नाही. वातानुकूलन यंत्र आणि गीझर विकत घेतो मालक, त्यांचे बिल भरतो भाडेकरू. मग मालकाने अधिक किमतीचे पंचतारांकित यंत्र का घ्यावे? तो एक-दोन तारांकनाचे स्वस्त यंत्र बसवितो आणि फरक पुढची सात-आठ वर्षे येणारे-जाणारे भाडेकरू फेडत राहतात. बिल भाड्यातच धरले, तर उलट घडते. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालविणारे पाहुणेही दिसतात. घर पाहायला जाताना नळाला पाणी येते का हे सगळे बघतात. यंत्रावरील ऊर्जा कार्यक्षमतेचा शिक्काही बघावा.

दुरुस्तीच्या विभागणीबाबत आदर्श कायद्याचे दुसरे परिशिष्ट करारात जसेच्या तसे उतरविण्याजोगे आहे. पाइप बदलणे आणि घराच्या आतील-बाहेरील विजेच्या तारांची देखभाल मालकाकडे. नळ व त्यांचे वॉशर, गीझरची दुरुस्ती, स्विच, सॉकेट आणि सर्किट ब्रेकर भाडेकरूकडे. गळक्या पाइपमुळे किंवा जुनाट तारांमुळे बिल फुगले, तर तो दोष कोणाचा, हे या यादीवरून ठरविता येते.

करारात काय लिहावे

‘वीज बिल भाडेकरू भरेल’ हे वाक्य पुरेसे नाही. ताबा देण्याच्या दिवशीचे मीटरवाचन, ग्राहक क्रमांक आणि तोवर थकबाकी नसल्याची नोंद करारातच असावी. शक्य तर त्या दिवशीचे मीटरचे छायाचित्र दोघांच्याही मोबाइलमध्ये. बिलाची सूचना येणारा भ्रमणध्वनी क्रमांक कोणाचा नोंदविला आहे, हेही पाहावे. भाडेकरूचा नोंदविल्यास बिल वेळेत भरले जाते. मालकाला मात्र ग्राहक क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर अधूनमधून डोकावावे लागते. मीटर सामाईक असेल, तर सबमीटरचे वाचन दोघांनी मिळून घ्यावे, मूळ बिलाची प्रत दर महिन्याला द्यावी आणि एकूण रक्कम युनिटच्या प्रमाणात वाटावी. ठोक दर लिहू नये. जिन्यातील दिवा आणि पाण्याचा पंप कोणत्या मीटरवर चालतो, हे एकदा मुख्य बटण बंद करून पाहिले तर दोन मिनिटांत कळते. तो भाडेकरूच्या मीटरवर असेल, तर त्याची वजावट ठरवावी.

घर रिकामे असलेल्या काळातील स्थिर आकार मालकाचा. भाडेकरूने वातानुकूलन यंत्र बसविल्यामुळे मंजूर भार वाढवावा लागला, तर त्याचा खर्च भाडेकरूचा. भाडेकरूच्या नावे स्वतंत्र जोडणी असेल, तर कंपनीकडे ठेवलेली सुरक्षा ठेवही त्याचीच. घर सोडताना ती परत घेण्याचा अर्ज करण्यास विसरू नये.

राहता राहिला शेवटच्या बिलाचा प्रश्न. वीज कंपनीचे बिलाचे चक्र आणि घर सोडण्याची तारीख कधीच जुळत नाहीत. पंधरा तारखेला घर सोडणाऱ्याचे बिल पुढच्या महिन्यात येते आणि तेवढ्यासाठी संपूर्ण अनामत रक्कम अडवून ठेवण्याची रीत सर्रास आहे. याची गरज नाही. सोडण्याच्या दिवशी मीटरवाचन घ्यावे, मागील बिलातील वाचन त्यातून वजा करावे, त्या बिलातील सरासरी युनिट दराने रक्कम काढावी, तेवढीच अनामतीतून राखून उरलेली रक्कम किल्ली घेतानाच परत करावी. प्रत्यक्ष बिल आल्यावर राहिलेला फरक दोघांपैकी ज्याचा निघेल त्याला चुकता करावा. तो बहुधा शे-दोनशे रुपयांचा असतो.